विणकरांच्या गावचा बाजा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगभरच्या लोकसंगीतावर एक पान होतं, छान होतं, मी कात्रण काढून ठेवलंय, पण त्यातल्या कुंबियाच्या चौकटीत ‘मेक्सिकोचा नाच’ एवढंच लिहिलं होतं आणि तिथं मला राहवलं नाही. मेक्सिकोत कुंबिया गल्लोगल्ली वाजतो हे खरंय, पेरूत वाजतो, अर्जेंटिनात वाजतो, पण त्याचं माहेर कोलंबिया, त्यातही कॅरिबियन समुद्राकडचा पट्टा. आणि त्या पट्ट्यात सान हासिंतो म्हणून एक छोटं गाव आहे, तिथल्या एका बाजाची गोष्ट मला सोलापूरकरांना सांगायचीच आहे, कारण ते गाव विणकरांचं आहे साहेब, आपल्यासारखं. पत्र लांबलंय. कापायचं असेल तर माझ्याबद्दलचं कापा, त्यांच्याबद्दलचं तेवढं ठेवा.

मी ३० वर्षं यंत्रमागावर काढली, आता एका चादरीच्या दुकानात पॅकिंगला असतो. रात्रपाळीत मागाचा आवाज डोक्यात बसू नये म्हणून कानात हेडफोन घालायची सवय लागली ती अजून आहे. तीनेक वर्षांपूर्वी एका रात्री मोबाईलवर सुंदरी ऐकत बसलो होतो. नव्या पोरांसाठी सांगतो, सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण, वीतभर लांबीची, अक्कलकोटच्या दरबारात वाढलेली आणि आपल्या सोलापूरच्या जाधव घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. तर सुंदरीचा व्हिडिओ संपला आणि आपोआप दुसराच सुरू झाला. चारपाच म्हातारे, पांढरे कपडे, गळ्यात लाल रुमाल, डोक्यावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या रुंद टोप्या, आणि दोघांच्या हातात हातभर लांब काठीसारखी बासरी जिच्या टोकाला डांबरासारखा काळा गोळा. पहिल्या सेकंदाला मला वाटलं की गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, नंदीध्वजाबरोबर बाराबंदी घालून चालणारी आपलीच माणसं आहेत की काय. मग ती बासरी वाजली आणि मी माग बंद करून ऐकत बसलो, धोटा मधेच थांबला, शेजारच्या मागवाल्यानं विचारलं काय झालं ओ, मी म्हटलं काही नाही, ऐक.

त्या बाजाचं नाव लोस गैतेरोस दे सान हासिंतो, म्हणजे सान हासिंतोचे गैतावाले. गैता म्हणजे ती लांब बासरी. (स्पेनमधे गैता म्हटलं की पिशवीवाली बॅगपाईप, ती वेगळी, तिचा हिचा संबंध नाही.) ही गैता निवडुंगाच्या खोडाची करतात. निवडुंग कापून आतला गाभा पोखरून काढायचा, काटे तासायचे, वाळवायचं, भोकं पाडायची, आणि मग मधमाशीच्या मेणात कोळशाची पूड मळून त्याचं डोकं करायचं, तोच तो काळा गोळा, आणि त्यात फुंकायला बदकाच्या पिसाची नळी खोवायची. बास. कारखाना नाही काही नाही, रानात मिळतं त्यातनं सगळं. आणि ती जोडीनं वाजते. एक मादी, तिला पाच भोकं, ती चाल वाजवते. एक नर, त्याला दोनच भोकं, तो मागनं आधार देत राहतो. आपल्याकडं सनईवाल्याच्या शेजारी सूर धरणारा बसतो ना, गाल फुगवून नुसता एक सूर धरून, लोक त्याच्याकडं बघत पण नाहीत आणि तो थांबला तर सनई उघडी पडते, तसंच साधारण. फक्त तिकडचा नरवाला एका हातानं गैता धरतो आणि दुसऱ्या हातानं खुळखुळा वाजवतो. एकाच माणसाचे दोन्ही हात दोन वेगळ्या कामात आणि तोंड तिसऱ्या.

खुळखुळ्याचं मला विशेष वाटलं त्याला कारण आहे. आमचे आप्पा मिलमधे साच्यावर होते आणि लगीनसराईत एका बँडमधे क्लार्नेट वाजवायचे. मी सात वर्षांचा असताना मला त्या बँडमधे उभं केलं ते खुळखुळे घेऊन. सगळ्या बँडमधे नव्या पोराला आधी खुळखुळेच देतात, ते वाजवता वाजवता ताल अंगात मुरतो, मग साईड ड्रम, मग जमलं तर पितळेचं वाद्य. मला वरातीच्या पुढं गॅसबत्तीच्या उजेडात उभं राहून खुळखुळे वाजवायला दोन रुपये आणि जेवण मिळायचं. आता हा खुळखुळा आपल्या लग्नाच्या बँडमधे आला कुठून याचा मी कधी विचारच केला नव्हता. मूळचा तो अमेरिका खंडातला, तिथले मूळ रहिवासी सुक्या फळाच्या कवचात बिया घालून तो करत आले. कुठल्या कुठं फिरून तो सोलापूरच्या एका पोराच्या हातात आला बघा.

कुंबियाचं मूळ सांगताना तिकडचे लोक तीन धागे सांगतात. बासरी इंडियन लोकांची, म्हणजे तिथल्या आदिवासींची; सिएरा नेवादाच्या डोंगरात कोगी लोक अजून तशीच जोडबासरी वाजवतात, तिला ते कुइसी म्हणतात. ढोल आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे. आणि गाण्याची भाषा नि कवनाची बांधणी स्पेनवाल्यांची. ढोल तीन. आलेग्रे म्हणजे आनंदी, तो हातानं वाजवतात आणि तो मनाला येईल तसा बोलतो. ताम्बोरा दोन्हीकडून चामडं लावलेला, काठीनं वाजणारा. आणि छोटा यामादोर, म्हणजे हाक मारणारा. हा यामादोर अख्ख्या गाण्यात तोच एक ठोका देत राहतो, तोही सगळे जिथं टाळी देतील तिथं नाही, दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. ऐकून बघा, तो ठोका एकदा कानाला सापडला की मान आपोआप हलायला लागते. आमच्या ओळखीच्या एका हलगीवाल्याला मी हे ऐकवलं, तो दोन मिनिटं गप्प बसला आणि मग टेबलावर बोटानं नुसता यामादोरच वाजवत राहिला, म्हणाला अवघड काम याचंच आहे, बाकीचे चुकले तर चालतंय, हा चुकला की सगळं गेलं.

आता माणसांबद्दल. या बाजाचा मुख्य माणूस तोन्यो फर्नांडेस. शेतकरी. उभ्या उभ्या कवन रचून गाणारा, आपल्याकडं शाहीर असतो तसा. सोलापूर तर राम जोशींचं गाव, त्यामुळं आपल्याला हे समजावून सांगायला नको. त्याच्याबरोबर हुआन लारा आणि होसे लारा हे दोघे भाऊ, आणि पुढं सोप्लाविएंतो गावचा कातालिनो पार्रा, ताम्बोरा वाजवणारा आणि स्वतः गाणी करणारा. सगळे कष्टाचे लोक. दिवसा शेतात, रात्री कुणाच्या तरी अंगणात मेणबत्त्या लावून बाजा. त्या काळी राजधानी बोगोटाच्या सुशिक्षित लोकांना हे संगीत म्हणजे काळ्यांचं, अडाण्यांचं वाटायचं, मोठ्या क्लबात त्याला जागा नव्हती.

ती जागा आधी मिळाली ती कोट घातल्यावर. सान हासिंतोच्या शेजारी एल कार्मेन दे बोलिवार गाव आहे, तिथला लुचो बेर्मुदेस, जन्म १९१२, हा क्लार्नेटवाला. क्लार्नेट हं! त्यानं गैतेच्या चाली क्लार्नेटवर घेतल्या, मागं ट्रम्पेट सॅक्सोफोन उभे केले, मोठा ऑर्केस्ट्रा केला आणि १९४० च्या दशकात शहरातल्या हॉटेलांत नि क्लबांत हे सूर पोचवले. हे वाचलं तेव्हा मला आप्पा आठवले. आप्पा सनईच्या चाली क्लार्नेटवर घ्यायचे, सिद्धेश्वराच्या यात्रेत जे कानावर पडायचं ते घरी येऊन रात्री हळू आवाजात बसवायचे, आई म्हणायची झोपा की आता सकाळी भोंगा व्हायचाय. सनईच्या त्या मिंडा क्लार्नेटच्या पट्ट्यांवर बसवणं सोपं नाही, ओठ सैल सोडून बोट अर्धं उचलून ते करावं लागतं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचे जे कोण साथीदार होते त्यातल्या कितीजणांची नावं आज कुठं लिहिलेली आहेत?

पण मी तोन्यो फर्नांडेसबद्दल सांगत होतो. १९५० च्या दशकात दोघं बहीणभाऊ त्यांच्या आयुष्यात आले. देलिया सापाता ओलिवेया, नृत्य करणारी, आणि तिचा भाऊ मानुएल, शिकलेला डॉक्टर पण पुढं मोठा लेखक म्हणून गाजलेला. दोघं त्याच किनारपट्टीच्या लोरिका गावचे, काळ्या वंशाचे. हे दोघं गावोगाव हिंडले, कोण काय वाजवतं कोण काय नाचतं ते बघत, लिहून घेत, आणि त्यांनी कोट नाही घातले या शेतकऱ्यांना. जसे आहेत तसे, त्याच टोप्या, त्याच निवडुंगाच्या गैता घेऊन स्टेजवर नेलं आणि मग थेट परदेशात नेलं. युरोप, सोव्हिएत रशिया, चीनपर्यंत. ज्यांना आपल्या राजधानीत कुणी ओळखत नव्हतं ते लोक मॉस्को, पेकिंगला जाऊन वाजवून आले आणि परत येऊन शेतात लागले. मला या सगळ्या इतिहासात हे दोघं बहीणभाऊ सगळ्यात मोठे वाटतात. वाजवणारे तर होतेच ओ, शेकडो वर्षं होते. त्यांच्या दारात जाऊन, बाबा तुझं नाव काय, हे तू कुणाकडनं शिकलास, असं विचारणारं कुणीतरी आलं, हे नवीन होतं.

सान हासिंतो विणकरांचं गाव म्हटलं ते हॅमॉकमुळं. हॅमॉक म्हणजे दोन टोकांना बांधून झोपायची झोळी. तिकडं उकाडा मायंदाळ, खाट गादीपेक्षा झोळी बरी. सान हासिंतोच्या बायका घरोघरी उभ्या मागावर रंगीत सुताच्या झोळ्या विणतात, हायवेच्या कडेला दुकानांत त्या टांगलेल्या असतात, आणि कोलंबियात कुणीही सान हासिंतो म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, झोळी आणि गैता. आता सोलापूर म्हटलं की काय आठवतं? चादर, आणि शेंगा चटणी. चादरीला जीआय, म्हणजे ही याच गावची असा सरकारी शिक्का, मिळालं, अभिमानाची गोष्ट आहे, मी स्वतः हजारो चादरी उतरवल्यात मागावरनं. पण १८७७ साली जुनी मिल उभी राहिली तेव्हापासून या गावात जो कामगार आला, मराठवाड्यातनं आला, तेलंगणातनं आला, कर्नाटकातनं आला, तो एकटे हात घेऊन आला नाही, हलगी घेऊन आला, भजन घेऊन आला, लेझीम घेऊन आला. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, एका गल्लीत चार भाषा आणि चार प्रकारचे बाजे. सान हासिंतोचे तीन धागे म्हणतात तर आपले मोजायला बसलं तर किती निघतील.

त्या गावचाच एक कवी-गायक आदोल्फो पाचेको, २०२३ च्या जानेवारीत वारला. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं एका मोठ्या झोळीवर आहे. दुसऱ्या भागातल्या, वायेनातो नावाच्या संगीतासाठी प्रसिद्ध असलेल्या मित्रांना तो म्हणतो की मी भेटीला येतोय, येताना आमच्या गावची ही एवढी मोठी झोळी आणतोय आणि गैतेचं गाणं आणतोय. म्हणजे पाहुणा म्हणून जाताना विणलेलं कापड आणि वाजवलेला सूर एकाच हातात. हे ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगतो. सोलापूरचा माणूस पुण्यामुंबईला नातेवाईकांकडं जाताना पिशवीत काय घेतो, चादर घेतो की नाही? घेतोच. सूर कधी घेतला का आपण बरोबर?

अजून एक नाव सांगतो, आंद्रेस लांदेरो. हाही सान हासिंतोचाच, २००० साली वारला. यानं गैतेच्या चाली अकॉर्डियनवर घेतल्या आणि कुंबियाचा राजाच झाला. त्याच्या रेकॉर्डी फिरत फिरत मेक्सिकोतल्या मॉन्टेरे शहरात पोचल्या. मॉन्टेरे पण आपल्या गिरण्यांच्या गावासारखंच कारखान्याचं शहर, पोलादाचा मोठा कारखाना होता तो १९८६ ला बंद पडला. तिथल्या डोंगरावरच्या कामगार वस्तीत सेल्सो पिन्या नावाचा पोरगा या कोलंबियन रेकॉर्डी ऐकून ऐकून अकॉर्डियन शिकला, भावांना घेऊन बाजा काढला आणि पुढं मेक्सिकोत प्रचंड गाजला, २०१९ ला गेला तोवर वाजवत होता. म्हणजे आपल्या पुरवणीत मेक्सिको छापलं ते अगदीच चुकलं असं नाही म्हणता येणार, मेक्सिकोनं कुंबियाला सुनेसारखं घरात घेतलंय. पण सुनेचं माहेर विचारलं तर माहेरचंच नाव सांगायचं असतं.

आता एक वाईट गोष्ट पण लिहिणं भाग आहे, ती सोडून हा इतिहास पूर्ण होत नाही. सान हासिंतो ज्या डोंगराळ भागात आहे त्याला मॉन्तेस दे मारिया म्हणतात, आणि हा भाग कोलंबियाच्या यादवीत फार भरडला गेला. एका बाजूला गनिमी टोळ्या, दुसऱ्या बाजूला खाजगी सशस्त्र टोळ्या, मधे शेतकरी. फेब्रुवारी २००० मधे त्याच भागातल्या एल सालादो गावावर सशस्त्र टोळी चालून आली आणि काही दिवसांत त्या गावात नि आजूबाजूला मिळून ६० माणसं मारली. गावच्या मैदानात लोकांना गोळा करून मारलं आणि मारताना गावच्याच कलाघरात ठेवलेले ढोल नि गैता बाहेर काढून त्या लोकांनी वाजवल्या. तेच ढोल, ज्यावर गाव नाचायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी माझ्या घशाखाली घास गेला नाही. लोक गाव सोडून गेले, आणि मग हळूहळू काहीजण परतही आले, झाडोरा तोडून आपली घरं परत शोधली.

आणि या सगळ्या काळातनं तो बाजा टिकला. तोन्यो फर्नांडेस १९८८ ला गेले, लारा बंधू गेले, पण त्यांच्या पायाशी बसून शिकलेले होते, हुआन फर्नांडेस ज्यांना सगळे चुचिता म्हणायचे, तोन्यो गार्सिया, निकोलास एर्नांडेस. हे स्वतः म्हातारे झालेले असताना त्यांचा अल्बम अमेरिकेतल्या स्मिथसोनियन फोकवेज या संस्थेनं २००६ साली काढला आणि २००७ ला त्याला लॅटिन ग्रॅमी मिळालं. निवडुंगाच्या बासरीला ग्रॅमी! पण माझ्या मते ग्रॅमीपेक्षा मोठी गोष्ट पुढं आहे. त्या भागात गैतेच्या स्पर्धा भरतात, ओवेहास गावात १९८५ पासून दरवर्षी, आणि शाळकरी पोरं त्यात वाजवतात. बोगोटात कॉलेजात शिकणारी पोरं गैता शिकतात, सुट्टीत खेड्यात जाऊन म्हाताऱ्यांपुढं बसतात. मेण कसं मळायचं, पीस कुठल्या कोनात खोवायचं, हे पुस्तकात नाही, ते हातानंच हाताला द्यावं लागतं आणि त्यांनी ते दिलं.

साहेब, आता सोलापूर. गणपतीत आपल्या लेझमाची शिस्त बघायला बाहेरगावची माणसं येतात. गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या वाटेनं निघतात तेव्हा पुढं हलगी वाजते, सनई वाजते, बँड वाजतो, लाखो लोक ऐकतात. मार्कंडेयाच्या रथाच्या मिरवणुकीत वाजतं. म्हणजे वाजवणारे आहेत. पण मी तुम्हाला विचारतो, त्यातल्या एका हलगीवाल्याचं नाव सांगा. मला पण फक्त तीनचार येतात, तेही शेजारी राहतात म्हणून. मिलच्या काळात पेठापेठांत बँड होते, पितळी बटणांचे लाल कोट, टोपीला झुबका, बँडमास्तरच्या हातात काठी. त्यातल्या एका बँडमास्तरकडं वह्या होत्या, हातानं लिहिलेल्या, सारेगम मधे चाली उतरवलेल्या, जुन्या नाट्यपदांपासून कन्नड भजनापर्यंत. मी त्या वह्या लहानपणी बघितल्यात, कडा पिवळ्या पडलेल्या, मधे मधे सुपारीचा हिशोब, अमुक गावची वरात इतके रुपये ॲडव्हान्स. मास्तर गेल्यावर पाचसहा वर्षांनी मी त्यांच्या घरी चौकशीला गेलो तर घरच्यांनी सांगितलं घर बदलताना रद्दीत दिल्या. त्यांची काही चूक नाही, भाड्याच्या दोन खोल्यांत कुणी काय काय ठेवणार. आणि मी तरी काय केलं, आप्पांचं क्लार्नेट मी स्वतः विकलंय, बहिणीच्या लग्नाच्या वेळी, बाराशे रुपयाला, घेणारा परगावचा होता आणि त्याचा पत्ता पण घेतला नाही.

मी एकदा एका ठिकाणी अर्ज घेऊन गेलो होतो की जुन्या वादकांची नावं नोंदवून ठेवा, वाद्यं ठेवायला एखादी खोली द्या. तिथल्या माणसानं चांगलं बोलून सांगितलं की बँड हे कलेत येत नाही, धंद्यात येतं. मी घरी येऊन रात्रभर तेच घोळवत होतो. तोन्यो फर्नांडेसला पण कुणी तरी असंच म्हटलं असणार, हे कलेत येत नाही, शेतात येतं.

म्हणून आपल्याकडं मागणं आहे. पेपरात आठवड्यातनं एकदा एक चौकट द्या, पाव पान पण पुरेल. दर आठवड्याला एक वादक. नाव, वय, वाद्य, कुठली गल्ली, कुणाकडनं शिकला, पहिली सुपारी कुठली, आणि त्याला येणारी अशी एक चाल जी आता कुणी मागत नाही. हलगीवाले, सनईवाले, त्यांच्या शेजारचे सूर धरणारे, बँडवाले, बेंजो पार्टीची पोरं, भजनी मंडळातले पेटीवाले, संबळवाले, आराधी मेळ्यातल्या बायका, सगळे. लिहायला माणूस नसेल तर मी जाऊन लिहून आणतो, मला सुट्टी सोमवारी असते, सायकल आहे. तुमच्याकडच्या कुणा पोरानं मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं तर अजून चांगलं. आधी म्हाताऱ्यांकडं जाऊया, ८० च्या पुढच्यांकडं, तरुणांकडं नंतर गेलं तरी चालेल. बेंजोवाल्या पोरांना कमी लेखू नका ही पण विनंती आहे, आपल्यातले बरेच जण त्यांना नुसता गोंगाट म्हणतात. लांदेरोनं अकॉर्डियन घेतलं तेव्हा ते पण बाहेरनं आलेलं वाद्यच होतं, चाल गावची होती. आपली पोरं बेंजोवर हलगीचा ठेका आणि खंडोबाची चाल वाजवतात तेव्हा तेच करतात, फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आणि एक. सुंदरी आणि गैता एकदा एका स्टेजवर ऐकायची माझी फार इच्छा आहे. कधी जमेल माहीत नाही पण लिहून ठेवतो.

पत्राबरोबर एक फोटो जोडलाय. १९७४ चा आहे, मागं आप्पांच्या अक्षरात साल लिहिलंय, वरातीच्या आधी काढलेला. अकरा माणसं आहेत. पहिल्या ओळीत डावीकडून तिसरे क्लार्नेटवाले ते आमचे आप्पा, आणि त्यांच्या पायाशी खुळखुळे घेऊन बसलेला तो मी. बाकीच्यांपैकी सहाजणांची नावं आईला विचारून मी कागदावर वेगळी लिहून दिलीत, तीही छापा. मागच्या ओळीतले तिघं उरलेत, एक युफोनियमवाले जाड मिशांचे, एक ढोलवाले ज्यांचा डावा हात पट्टीत बांधलेला आहे, आणि एकदम उजवीकडं टोपी काढून हातात धरलेले एक गृहस्थ. यांची नावं आईला आठवत नाहीत आणि आता विचारायला दुसरं कुणी राहिलेलं नाही. फोटो जरा मोठा छापलात तर बरं होईल. कुणाचे आजोबा असतील, वडील असतील तर त्यांनी आपल्या ऑफिसला कळवावं, मी येऊन लिहून घेईन.

आपला,
एक वाचक,
अशोक चौक, सोलापूर